गाडीखालचे गृहस्थ

या, ओळख करून देतो. मात्र वाकावं लागेल, कारण उठून उभं राहायची पद्धत त्यांच्याकडे नाही. जुन्या अँबॅसडरच्या किंवा जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये, तेल आणि धुळीचा थर अंगावर चढवून लटकलेला जो लोखंडी गोळा दिसतो, तेच ते. डिफरन्शियल. वय गाडीएवढं, स्वभाव गाडीपेक्षा जुना. सध्या मुक्काम हिनकल. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणारा रस्ता रिंग रोडला भेटतो तिथलं हे गाव कालपरवापर्यंत खेडं होतं, आज फ्लायओव्हरच्या सावलीत आलंय. तिथल्या एका शेडमध्ये, विटांवर टेकवलेल्या गाडीखाली, गृहस्थ पडून आहेत. प्रकृती बरी नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी हवाय, आणि दुसरा कुणीच त्यांच्या पसंतीला उतरत नाही.

पेशाने ते न्यायाधीश. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त वाट तुडवावी लागते. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की ठोकली तर त्यातलं एक घासत जाणार, टायर झिजणार, दांडा पिळवटणार. बैलगाडीला ही अडचण कधी आली नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढणारे पुढे असतात. चाकं इंजिनाने फिरवायची ठरली तेव्हा पंचाईत झाली. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्यावर तोड काढली. जोर दोघांत सारखा वाटायचा, फेऱ्या मात्र ज्याला जितक्या लागतील तितक्या घेऊ द्यायच्या. तेव्हापासून या घराण्याचा धंदा हाच. म्हैसूरसारख्या सर्कलांच्या शहरात तर त्यांना उसंत नसते. के. आर. सर्कलला अँबॅसडरने एक पूर्ण प्रदक्षिणा घातली की बाहेरचं मागचं चाक आतल्यापेक्षा आठ-साडेआठ मीटर जास्त चालतं. सर्कल लहान असो की मोठं, फरक तेवढाच. हा हिशेब ते मनातल्या मनात करतात आणि कुणाला ऐकवत नाहीत.

न्यायाची ही हौस कधीकधी मालकाच्या अंगाशी येते. एक चाक चिखलात, दुसरं कोरड्या दगडावर. चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो. गृहस्थ तेवढाच जेमतेम जोर दगडावरच्या चाकालाही देतात. त्याला जेवढं, तुला तेवढंच. मग एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म बसतं आणि गाडी जागची हलत नाही. मुरलेला अँबॅसडरवाला अशा वेळी हँडब्रेक हळूच थोडा ओढतो. मोकाट चाकाला भार आल्यासारखं वाटतं, गृहस्थ फसतात, दोन्हीकडे जोर वाढवतात आणि गाडी बाहेर पडते. जीपवाल्याने ही चलाखी करायला जाऊ नये. विलीसच्या वंशातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या दांड्यावर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो ओढला की फसवायचं राहतं बाजूला, न्यायाधीशांचाच गळा आवळला जातो.

बोलतात कमी. बोलायला लागले की समजावं, दिवस भरत आले. अॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक ‘ऊंऽऽ’ निघाला तर आतल्या क्राऊन-पिनियन या मोठ्या-छोट्या गिअरच्या दातांची तक्रार. पाय काढल्यावर सूर चढला तर पिनियनच्या बेअरिंगकडे बघा. सरळ रस्त्यावर गप्प आणि वळणावर कटकट, म्हणजे आतले छोटे गिअर खलास. क्लच सोडताना मागून ‘ठक्’ आला तर आतला सैलपणा, म्हणजे प्ले, वाढलाय. टेस्ट ड्राइव्हला मिस्त्री पुढे बसत नाही. काचा वर करतो आणि मागच्या सीटवर, कान सीटला लावल्यागत तिरका बसतो. पुढे मालक इंजिनाचं कौतुक सांगत असतो, ‘अजून एका हाताच्या हँडलवर सुरू होतं.’ मागे मिस्त्री मान हलवत असतो. ती मान इंजिनासाठी हलत नसते.

आता त्यांचा मानी स्वभाव. त्यांच्या जागी दुसरा आणायचा तर पहिला प्रश्न रेशोचा. मोठ्या क्राऊनचे दात भागिले छोट्या पिनियनचे दात, हा झाला रेशो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला पिनियनचे ८ आणि क्राऊनचे ३९, म्हणजे ४.८८. पुढे महिंद्रने मुंबईत ज्या सीजे-३बी जीपा वर्षानुवर्षं बनवल्या, त्या घराण्यात पिनियन तेच ८, क्राऊनचे दात ४३, रेशो ५.३८. बाहेरून दोघंही तसेच गोल, तसेच काळे. अंगावर रेशोची पट्टी एकेकाळी असलीच तर ती गंजून गेलेली असते. आणि विचारल्यावर सांगतील तर ते गृहस्थ कसले?

त्यांच्याकडून खरं काढून घ्यायची एक जुनी पद्धत आहे. गाडी न्यूट्रलला ठेवायची, पुढच्या चाकांना विटा लावायच्या आणि मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची एकेक रेघ मारायची. मग उचललेलं चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांतून क्राऊनच्या वाट्याला एकच फेरी येते, म्हणून शाफ्टच्या फेऱ्या म्हणजेच रेशो. आकडा पावणेपाचच्या पुढे आणि पाचाच्या आत थांबला तर ३९ दातवाला. सव्वापाच ओलांडून साडेपाचच्या आत थांबला तर ४३ वाला. एवढ्या तपासानंतरच ते जात सांगतात, आणि तीही खडूच्या भाषेत.

त्यांच्या घरात क्राऊन आणि पिनियन हे जोडपं. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून बसवलेलं असतं आणि दोघांच्या अंगावर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. पत्रिका जुळवणारा गुरुजीही इतकं कडक बघत नाही. ‘पिनियन चांगला आहे, नुसता क्राऊन घ्या’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला मिस्त्री उत्तरसुद्धा देत नाही. दुसऱ्याचा क्राऊन घातला की शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये घरातलं भांडण रस्त्यावर ऐकू येतं. दातांचे आकडेसुद्धा मुद्दाम असे निवडलेले की ८ आणि ३९ ना एकही समाईक अवयव नाही. पिनियनचा एखादा दात क्राऊनच्या एका दाताला भेटला की त्याच दाताची पुन्हा गाठ पडायला पिनियनला ३९ फेरे घालावे लागतात. मधल्या काळात तो बाकी सगळ्यांना भेटून येतो. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. न्यायाची हौस इथेही आहेच.

जीपमध्ये तर हे गृहस्थ एकटे नसतात. पुढच्या एक्सलवर त्यांचा सख्खा भाऊ असतो, आणि दोघांचा रेशो एकच असला पाहिजे ही अट. हिनकलवरून जाणारा हा रस्ता पुढे हुणसूरमार्गे कूर्गला जातो. तिथल्या कॉफीच्या मळ्यांत जुन्या जीपा अजून राबतात, आणि दुखणं मोठं झालं की म्हैसूरकडे उतरतात. अशाच एका जीपला मागचा डिफरन्शियल भंगारातून बसवला गेला होता. विकणाऱ्याची ग्वाही एकच, ‘सेम टू सेम.’ उन्हाळाभर काही कळलं नाही, कारण तेव्हा जीप मागच्या दोनच चाकांच्या जोरावर चालत होती. पावसाळा आला, चारही चाकांना जोर दिला. चिखलात घसरत का होईना, चाकांनी आपसातला फरक जिरवून घेतला. मळ्याच्या फाटकाबाहेर डांबर लागलं आणि तमाशा सुरू झाला. पुढचे गृहस्थ एक वेग सांगतात, मागचे दुसरा, आणि डांबर दोघांचंही ऐकत नाही. सगळा पीळ पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठला. फोर-व्हीलचा दांडा दोघांनी मिळून ओढला तरी निघेना. शेवटी एक चाक जॅकने उचललं तेव्हा ते हवेत झटक्याने उलटं फिरलं आणि दांडा सुटला. पुढे हिनकलच्या मिस्त्रीने खडूची रेघ मारली, फेरे मोजले आणि एवढंच म्हणाला, ‘ये नक्को साब, भाई भाई का दांत अलग है.’

चुकीचा रेशो दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत खपूनही जातो, पण मग गृहस्थ मालकाला खोटं बोलायला लावतात. जुन्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून हिशेब घेतो, चाकांकडून नाही. ४.८८ च्या जागी ५.३८ बसला की शाफ्टला तेवढ्याच वाटेसाठी दहा टक्के जास्त फिरावं लागतं. खरा वेग ५०, काटा ५५ वर. किलोमीटरही तेवढेच फुगतात. मालक आनंदात, कारण वहीत गाडी लिटरला जास्त द्यायला लागलेली दिसते. इंजिन बिचारं जास्त फिरतंय आणि पेट्रोल पंपावरचं बिल वाढतंय, याचा वहीशी संबंध कुणी लावत नाही.

उलटी हौसही असते. २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर एक्स्प्रेस-वे झाला आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना वाटू लागलं, आपल्यालाही जरा कमी रेशोचा, हायवेला धावणारा गृहस्थ मिळावा. मिळतोही कधीकधी. मग रविवारी कुटुंबाला घेऊन चामुंडी टेकडीवर निघावं, तर एरवी दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढणारी गाडी पहिल्यात धापा टाकते. सपाटीवर जे दिलं ते चढावर वसूल करणं, हा त्यांचा खाक्या आहे. उधारी नाही.

नातेवाईकांचा गोतावळा मोठा आणि दिसायला फसवा. जीपमुळे आपल्याकडे ओळखीचं झालेलं डाना ४४ हे घराणं घ्या. एकाच नावाखाली एक्सल शाफ्टच्या टोकाला कुणाला १० स्प्लाइन, म्हणजे खाचा, कुणाला १९, कुणाला ३०. रेशो जुळला, दात जुळले, रंगसुद्धा जुळला, आणि शाफ्ट आत सरकवताना कळतं की हे पाहुणे दुसऱ्या गावचे. अँबॅसडरवाल्याचं आणखी निराळं दुखणं. त्याचे गृहस्थ ऑक्सफर्डजवळच्या काउलीहून मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेबरोबर उत्तरपाड्याला आले आणि तिथलेच होऊन राहिले, पण त्यांचे बोल्ट अजून इंचातच बोलतात. मिलिमीटरचा पाना लावला की डोकं गोल होतं, बोल्टचं आणि मिस्त्रीचंही.

पूर्वी असा गृहस्थ शोधणं म्हणजे एका दिवसाचं काम होतं. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात, बंगळूरला जे. सी. रोडवर, चेन्नईत पुदुपेटला, दिल्लीत मायापुरीला एक चक्कर मारायची आणि गोणीत घालून आणायचा. अँबॅसडर आणि पद्मिनी रस्त्यावर लाखांनी होत्या तेव्हा मेलेल्याही तेवढ्याच असत, आणि मेलेल्यांच्या जिवावर जिवंत चालत. पण अँबॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. पेपरांत भावनेचे लेख आले, लोकांनी फोटो काढले. भंगारवाल्यांनी मात्र सरळ हिशेब केला, की आता माल येणार नाही, भाव वाढवा.

घराण्याची प्रतिष्ठा उतरली ती मारुतीमुळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. तिने गृहस्थांना मागच्या एक्सलवरून उचललं आणि पुढे गिअरबॉक्सच्या पोटात कोंडलं. काम तेच राहिलं, पण स्वतंत्र बंगला गेला आणि एकत्र कुटुंबातली खोली नशिबी आली. आजच्या मोटारवाल्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडे असे कुणी गृहस्थ राहतात याचा पत्ताच नसतो. म्हैसूरकरांना तर आणखी एक निमित्त आहे. या शहराची लाडकी गाडी जावा. १९६१ ते १९९६ यादवगिरीच्या कारखान्यातून निघालेल्या जावा आणि येझदीचे भक्त आजही जुलैत मिरवणूक काढतात, सुट्या भागांची माहिती एकमेकांना तोंडपाठ सांगतात. मोटारसायकलची चाकं एकामागे एक, तिथे न्यायाधीशाची गरजच पडत नाही. त्यामुळे आमच्या गृहस्थांचा ना मेळावा, ना टी-शर्ट.

खरी गंमत पुढेच आहे. हिनकल ओलांडून हुणसूर रस्त्याला लागलात की हूटगळ्ळीची औद्योगिक वसाहत. तिथे ऑटोमोटिव्ह अॅक्सल्सचा कारखाना आहे. १९८१ साली पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकेच्या रॉकवेलशी हातमिळवणी करून तो उभा केला. ट्रक-बसचे मागचे एक्सल, त्यांच्या पोटातल्या डिफरन्शियलसकट, तिथे तयार होतात. म्हणजे या घराण्याची भारतातली एक मोठी पेढी गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, आणि गॅरेजमधल्या म्हाताऱ्यासाठी तिथे काहीच नाही. ट्रकचा गृहस्थ जीपमध्ये बसवायचा म्हणजे जीपच त्याच्यात बसवावी लागेल. नव्या मालाने भरलेल्या गाड्या रोज शेडसमोरून जातात. आमचे गृहस्थ विटांवरून बघत असतात. ओळख दाखवत नाहीत. श्रीमंत भाऊबंदांशी त्यांचं पहिल्यापासून जमत नाही.

खाण्यापिण्याचे नखरे वेगळेच. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर आणला, पॅकार्डने तो मोटारीत घातला. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, मोटारीची जमीन उतरली, टोपी घालून बसता येऊ लागलं. पण दात आता नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घसटतात. म्हणून गृहस्थांना साधं तेल चालत नाही. ईपी नव्वदच लागतं, ते गंधकाच्या वासाचं, हाताला लागलं की दोन आंघोळींनी न जाणारं. पातळी ठरलेली. बाजूच्या भोकात करंगळी घातली की टोकाला तेल लागलं पाहिजे. जास्त नको, कमी तर नकोच. डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो, चिखलाने तो बुजला की आत कोंडलेली हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते आणि ते नेमकं ब्रेकच्या लायनरवर जातं. श्वास त्यांचा अडतो, गाडी थांबत नाही तुमची.

समजा सगळं जुळलं. रेशो, स्प्लाइन, फ्लँजची भोकं, जोडीचा क्रमांक. तरी बसवताना थाऊचा खेळ उरतोच. क्राऊन आणि पिनियनमध्ये प्ले किती, तर साधारण पाच ते आठ थाऊ, म्हणजे इंचाचे इतके हजारावे भाग. शिमच्या पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या. दातांना निळा रंग लावायचा, फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध उमटला की नाही ते बघायचं. ठसा टोकाकडे गेला, उघडा. मुळाकडे गेला, उघडा. ज्यांनी आयुष्यभर दोन चाकांतला मीटर-मीटरचा फरक पोटात घातला, त्यांना स्वतःच्या घरात केसाएवढा फरक सोसत नाही. पण यात विसंगती नाही. घरात थाऊचा हिशेब चोख असतो म्हणूनच बाहेर इतका मोकळा हात सोडता येतो. ढिला न्यायाधीश कुणालाच सवलत देऊ शकत नाही.

यातून सुटायचा एक मार्ग दुकानदार हमखास सुचवतात. गृहस्थ एकटे आणूच नका, अख्खं कुटुंब आणा. पडलेल्या गाडीचा मागचा एक्सलच उचला, हाउसिंग, शाफ्ट, ब्रेकचे ड्रम, सगळं तयार जुळलेलं. शिम नको, निळा रंग नको, दात मोजणं नको. सल्ला खरा आहे आणि अँबॅसडरवाले तो मानतातही. चार माणसं एक्सल उचलून आणतात, पाट्यांचे बोल्ट बसतात, शाफ्ट जोडला जातो, चाकं चढतात, आवाज नाही, कटकट नाही, मालक चहा मागवतो. मग मिस्त्री खालून विचारतो, या गाडीची हँडब्रेकची केबल चार बोटं आखूड का आहे?